पोलादी दोराची झीज आणि बिघाड कसा ओळखावा

कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीत जहाजाच्या पोटातून मालाचे गठ्ठे वर येतात, नेताजी सुभाष गोदीत कंटेनर ट्रेलरवर ठेवले जातात, हावड्याच्या कारखान्यांत ओतीव लोखंडाचे जड भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेले जातात. उंच इमारतींत लिफ्ट दिवसभर वर-खाली करीत असतात. या सर्व ठिकाणी भार पेलणारी वस्तू एकच असते, ती म्हणजे पोलादी तारांचा दोर. कामगार त्याला 'वायर रोप' या नावानेच ओळखतात.

असा दोर तुटून अपघात झाला की 'दोर अचानक तुटला' असे सांगितले जाते. प्रत्यक्षात चांगल्या स्थितीतील आणि योग्य भार पेलणारा दोर एकाएकी तुटण्याचे प्रसंग विरळा असतात. बहुतेक वेळा तुटण्यापूर्वी काही दिवस किंवा काही महिने दोरावर खुणा उमटू लागतात. काही तारा तुटतात, व्यास कमी होतो, गंज चढतो, आकार बिघडतो. या खुणा वेळीच ओळखून दोर काढून टाकणे, हाच अपघात टाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

दोर निकामी झाल्यास काय घडू शकते, याची कल्पना मे २०२४ मधील एका दुर्घटनेवरून येते. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान कॉपर लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या कोलिहान तांबे खाणीत, राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यात, १४ मे रोजी माणसांची ने-आण करणारा पिंजरा खाली कोसळला. खाणीत १५ जण अडकले. त्यांपैकी १४ जणांना बाहेर काढण्यात यश आले, तर एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. पिंजऱ्याचा दोर तुटल्याचे त्या वेळच्या वृत्तांत सांगण्यात आले होते.

दोराची रचना

पोलादी दोराचा व्यवहारातील वापर १८३४ साली जर्मनीतील हार्झ पर्वतराजीतील क्लाउस्टाल येथील खाणीत सुरू झाला. खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी तो तयार करविला होता. त्याआधी खाणींत साखळ्या आणि तागाचे जाड दोर वापरले जात. साखळीची एक कडी तुटली तर भार खाली येतो. तारांच्या दोरात मात्र एक तार तुटली तरी तिचा भार शेजारच्या तारांवर वाटला जातो. हाच या दोराचा मोठा गुण होय. धोकाही याच गुणात आहे. काही तारा तुटूनही दोर काम करीत राहतो, आणि त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होते.

या दोराचे तीन भाग असतात. बारीक तारा एकमेकींभोवती गुंफून पेड तयार होतो. असे अनेक पेड मधल्या गाभ्याभोवती पीळ देऊन गुंडाळले की दोर होतो. '६ × १९' या प्रकारात सहा पेड आणि प्रत्येक पेडात १९ तारा, म्हणजे एकूण ११४ तारा असतात. '६ × ३६' या प्रकारात २१६ तारा असतात. तारा जितक्या बारीक आणि संख्येने अधिक, तितका दोर वाकण्यास सोयीचा असतो. तारा जाड असल्यास दोर घर्षणापुढे अधिक टिकतो.

गाभा दोन प्रकारचा असतो. घायपातासारख्या नैसर्गिक तंतूंचा किंवा कृत्रिम धाग्यांचा गाभा मऊ असतो आणि वंगण धरून ठेवतो. पोलादी गाभा दोराला अधिक बळ देतो आणि चेपण्यापासून वाचवितो. दोराची तपासणी करताना तो कोणत्या गाभ्याचा आहे, हे आधी माहीत असावे लागते, कारण झिजेची मर्यादा त्यावर अवलंबून असते.

१९९२ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या विद्यासागर सेतूचा भारही पोलादी तारांच्या केबलींनीच पेलला आहे. तथापि पुलाच्या केबली एका जागी ताणलेल्या असतात. क्रेनचा दोर मात्र दर फेरीत कप्पीवर वाकतो, सरळ होतो आणि ड्रमवर पुन्हा वाकतो. त्यामुळे क्रेनच्या दोराचे आयुष्य मर्यादित असते आणि तो बदलावाच लागतो.

तुटलेल्या तारा

दोर पुनःपुन्हा वाकल्याने तारांना धातूचा थकवा येतो. प्रत्येक वेळी ताण मर्यादेत असला तरी हजारो फेऱ्यांनंतर तारेला सूक्ष्म तडा जातो आणि ती तुटते. कप्पी दोराच्या मानाने लहान असेल तर हा थकवा लवकर येतो.

तुटलेल्या तारेचे टोक बारकाईने पाहिल्यास कारण समजू शकते. टोक सपाट आणि काटकोनात तुटलेले असेल तर तो थकव्याचा परिणाम असतो. टोकाजवळ तार बारीक होत जाऊन एका बाजूला वाटीसारखा आणि दुसऱ्या बाजूला शंकूसारखा आकार दिसत असेल तर ती अतिरिक्त भाराने ताणून तुटलेली असते. टोक घासून धारदार पट्टीसारखे झाले असेल तर कारण घर्षण होय. कारण कळल्याशिवाय केवळ दोर बदलला तर नवा दोरही त्याच ठिकाणी खराब होतो.

तुटलेल्या तारा कोठे आहेत, याला त्यांच्या संख्येइतकेच महत्त्व आहे. पेडाच्या बाहेरील उंचवट्यावर विखुरलेल्या काही तुटक तारा दोराच्या वापरानुसार अपेक्षितच असतात. त्याउलट दोन पेडांमधील खाचेत तुटलेली तार दिसणे ही गंभीर बाब आहे. पेड एकमेकांवर घासत असल्याचे किंवा आतील तारा तुटत असल्याचे ते लक्षण असते. क्रेनच्या दोरांच्या देखभालीसाठीच्या 'आयएसओ ४३०९' या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, एका पिळाच्या लांबीत खाचेतील दोन किंवा अधिक तारा तुटलेल्या आढळल्यास दोर काढून टाकावा लागतो. सहा पेडी दोरात एका पिळाची लांबी सर्वसाधारणपणे दोराच्या व्यासाच्या सहापट असते. टोकाच्या जोडणीपाशी दोन तारा तुटल्या असल्यासही तो भाग वापरता येत नाही. दोराची लांबी पुरत असेल तर खराब भाग कापून नव्याने जोडणी करता येते. संपूर्ण पेडच तुटला असेल तर काम तत्काळ थांबवून दोर उतरविणे अनिवार्य आहे.

या मानकात बाहेरील तुटक तारांची मोजणी व्यासाच्या सहापट आणि तीसपट अशा दोन लांबींवर केली जाते. मर्यादा दोराची रचना, पिळाचा प्रकार आणि क्रेनची कार्यश्रेणी यांनुसार बदलते. तारा आणि पेड एकाच दिशेने पिळलेल्या 'लँग' प्रकारच्या दोरात ही मर्यादा अधिक कडक असते. म्हणून क्रेनच्या पुस्तिकेत दिलेला आकडा हाच तपासणीचा आधार मानावा.

व्यास कमी होणे

बाहेरून दोर धडधाकट दिसत असतानाही त्याचा व्यास घटलेला असू शकतो. बाहेरील तारा झिजल्याने, गाभा कुजल्याने किंवा आत गंज चढल्याने असे होते. व्यास मोजण्यासाठी रुंद जबड्याचे व्हर्निअर कॅलिपर वापरावे. मोजमाप समोरासमोरील पेडांच्या उंचवट्यांवर, म्हणजे दोराच्या सर्वांत रुंद भागावर घ्यावे. कॅलिपर दोन पेडांमधील सपाट बाजूंवर ठेवल्यास माप कमी येते आणि निष्कर्ष चुकतो. एकाच ठिकाणी काटकोनातील दोन मापे घेऊन त्यांची सरासरी धरावी.

येथे एक चूक नेहमी होते. मोजलेला व्यास दोरावर लिहिलेल्या व्यासाशी ताडून पाहिला जातो. परंतु नवा दोर लिहिलेल्या मापापेक्षा किंचित जाड असतो. म्हणून नवा दोर बसवून त्याने थोडे काम केल्यावर जो व्यास भरतो, तो संदर्भ व्यास म्हणून लिहून ठेवावा लागतो.

उदाहरणार्थ, २० मिलिमीटरच्या पोलादी गाभ्याच्या दोराचा संदर्भ व्यास २०.६ मिलिमीटर भरला, असे समजू. अशा एकपदरी दोरासाठी घट लिहिलेल्या व्यासाच्या ७.५ टक्के, म्हणजे १.५ मिलिमीटर झाली की दोर काढावा लागतो. याचा अर्थ १९.१ मिलिमीटरला त्याचे आयुष्य संपते. संदर्भ व्यासाची नोंद नसेल तर तपासणाऱ्याला २० मधून केवळ ०.९ मिलिमीटरची घट दिसेल आणि तो दोर चालू ठेवील. तंतूंच्या गाभ्याच्या दोरासाठी ही मर्यादा १० टक्के आहे. भार स्वतःभोवती फिरू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या खास दोरांसाठी ती ५ टक्के आहे.

व्यास सर्वत्र सारखा कमी न होता एकाच ठिकाणी एकदम कमी झालेला दिसला, तर त्या जागी गाभा तुटलेला असण्याची शक्यता असते. तेथे टक्केवारीची वाट पाहू नये. एकाच ठिकाणी व्यास वाढणे हेही तितकेच वाईट लक्षण आहे. गाभा फुगल्याने किंवा आत गंजाचा थर साचल्याने दोर जाड होतो.

गंज: कोलकात्याचा खास प्रश्न

कोलकाता हे हुगळी नदीवरील बंदर असून देशातील प्रमुख बंदरांपैकी नदीवर वसलेले हे एकमेव बंदर आहे. येथील हवा वर्षातील बराच काळ दमट असते. वैशाखातील वादळी सरींपासून सुरू होणारा पाऊस मोसमी वाऱ्यांबरोबर पुढे अनेक महिने टिकतो. उघड्यावर उभ्या असलेल्या क्रेनचे दोर या काळात सतत भिजतात. त्यामुळे केवळ तुटक तारा मोजून येथील दोराची परीक्षा पूर्ण होत नाही.

बाहेरील तांबूस गंज फडक्याने पुसला गेला आणि खालची तार गुळगुळीत असली तर तो वरवरचा गंज मानला जातो. पुसल्यानंतर तारेवर खड्डे दिसत असतील, तारा सैल झाल्या असतील, तर दोराचे बळ घटलेले आहे. अशा खड्ड्यांपासूनच पुढे थकव्याचे तडे सुरू होतात.

आतील गंज अधिक घातक असतो, कारण तो दिसत नाही. तंतूंचा गाभा पाणी शोषून घेतो. वंगण संपले असेल तर ओलावा आतच राहतो आणि तारा आतून खाल्ल्या जातात. पेडांमधील खाचांतून तांबूस भुकटी बाहेर पडणे, पेडांमधील फट नाहीशी होणे, दोर वाकविताना तो ताठर वाटणे, ही त्याची बाहेरून कळणारी लक्षणे आहेत. स्थिर कप्पीवर बसलेल्या आणि फारसा न हलणाऱ्या भागातही असा गंज आढळतो. खंड पडून पुन्हा कामास लावलेल्या क्रेनचा दोर म्हणूनच प्रथम तपासावा लागतो.

शंका आल्यास दोरावरील भार काढून, विशेष चिमट्यांच्या साहाय्याने पेड किंचित उलगडून आतील भाग पाहता येतो. हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे, कारण चुकीच्या पद्धतीने उलगडलेला दोर पुन्हा पूर्ववत बसत नाही. चुंबकीय उपकरणांनीही आतील तुटक तारा आणि धातूची घट शोधता येते. खाणींतील दोरांसाठी अशा तपासण्यांचे काम धनबाद येथील केंद्रीय खनन आणि इंधन संशोधन संस्था करते. चुंबकीय चाचणी ही डोळ्यांनी होणाऱ्या तपासणीला पूरक आहे, तिला पर्याय नाही.

वंगणाबाबतही काळजी आवश्यक आहे. जुन्या, घट्ट झालेल्या ग्रीसवर नवे ग्रीस थापल्याने ते गाभ्यापर्यंत पोहोचत नाही आणि तुटक तारा मात्र झाकल्या जातात. आधी तारेच्या ब्रशने दोर स्वच्छ करून मगच वंगण लावावे. पेट्रोलसारख्या द्रवाने दोर धुतल्यास गाभ्यातील वंगणही निघून जाते.

आकार बिघडणे

दोराचा आकार बदलणे हे आतील तारांवरील भाराची वाटणी बिघडल्याचे चिन्ह असते. त्याचे पुढील प्रकार नेहमी आढळतात.

मुरड: सैल पडलेल्या दोराला फास बसून तो तसाच ताणला गेला की कायमची मुरड पडते. हातोडीने ठोकून ती सरळ केली तरी तेथील तारा दुखावलेल्याच राहतात. असा दोर त्वरित बाद समजावा.

पिंजरा: भार एकाएकी सुटल्यास किंवा अरुंद खाचेतून दोर ओढला गेल्यास पेड बाहेरच्या बाजूला फुगून पिंजऱ्यासारखा आकार होतो. हा दोरही दुरुस्त होत नाही.

गाभा बाहेर येणे: पेडांमधून गाभा किंवा आतील तारांचे वळसे बाहेर डोकावू लागले तर दोर काढावा.

नागमोडी आकार: दोर स्क्रूसारखा लाटेत वळलेला दिसतो. त्याच्या शेजारी सरळ पट्टी ठेवून मधील अंतर मोजतात. कप्पीवरून जाणाऱ्या भागात हे अंतर व्यासाच्या एकदशांशाइतके झाले तर दोर बाद होतो. २० मिलिमीटरच्या दोरासाठी हे अंतर अवघे २ मिलिमीटर आहे. कप्पीवरून कधीच न जाणाऱ्या सरळ भागात एकतृतीयांश व्यासापर्यंतची मर्यादा आहे.

चेपणे: ड्रमवर दोर नीट गुंडाळला न गेल्यास वरचा वळसा खालच्या वळशाला दाबतो. चपटा झालेला भाग कप्पीच्या खाचेत नीट बसत नाही आणि तेथील तारा लवकर तुटतात.

उष्णता आणि वीज

ओतशाळांत आणि जोडकामाच्या ठिकाणी दोराला आच लागण्याचा संभव असतो. तारेवर निळसर किंवा पिवळसर छटा दिसणे, वंगण जळून दोर कोरडा पडणे, ही उष्णता लागल्याची चिन्हे आहेत. अशा तारेचे बळ कमी होते. वेल्डिंग करताना विद्युतप्रवाह दोरातून गेल्यास काही तारा एकमेकींना चिकटतात किंवा त्यांवर वितळल्याचे ठिपके दिसतात. हे ठिपके लहान असले तरी तेथील पोलाद ठिसूळ झालेले असते. वेल्डिंगची उलट तार क्रेनच्या हुकाला किंवा दोराला कधीही जोडू नये.

सिलिंग आणि टोकांच्या जोडण्या

क्रेनच्या दोरापेक्षा भार बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिलिंगचे हाल अधिक होतात. ती धारदार कडांवरून ओढली जाते, मालाखाली अडकते, चिखलात पडून राहते. डोळा तयार करणारे फेरूल तडकले आहे का, थिंबल वाकले किंवा निखळले आहे का, डोळ्याच्या मुळाशी तारा तुटल्या आहेत का, हे प्रत्येक वापरापूर्वी पाहावे. सिलिंगवरील सुरक्षित भाराची पट्टी वाचता येत नसेल तर ते सिलिंग वापरू नये.

यू-बोल्टच्या क्लिपांनी केलेल्या जोडणीत क्लिपचे खाचेचे बूड भार घेणाऱ्या लांब दोरावर आणि वाकलेला बोल्ट मोकळ्या टोकावर यावा लागतो. हे उलट बसविल्यास बोल्ट भार घेणाऱ्या दोरालाच चिरडतो. पहिला भार दिल्यावर दोर थोडा बारीक होतो, म्हणून क्लिपांचे नट पुन्हा आवळणे आवश्यक असते.

अतिरिक्त भार नेहमी जड मालामुळेच येतो, असे नाही. १० टनांचा भार दोन उभ्या फाट्यांनी उचलला तर प्रत्येक फाट्यावर ५ टन येतात. फाट्यांमधील कोन ६० अंश झाला तर प्रत्येकावर सुमारे ५.८ टन येतात. हाच कोन १२० अंश झाल्यास प्रत्येक फाट्यावर पूर्ण १० टनांचा ताण पडतो. माल तोच, सिलिंगही तेच, परंतु ताण दुप्पट होतो. सिलिंग त्या दिवशी तुटले नाही तरी त्याच्या तारा ताणल्या जातात.

सिलिंगसाठी सर्वसाधारणपणे सुरक्षित भाराच्या पाचपट बळ राखले जाते. याचा अर्थ दोराचा चार-पंचमांश भाग खराब झाला तरी चालेल, असा घेतला जाऊ नये. हे राखीव बळ झटके, कोन आणि न दिसणारे दोष यांसाठी असते.

तपासणी कशी करावी

दोराच्या प्रत्येक इंचाची रोज तपासणी शक्य नसते. म्हणून ज्या जागी बिघाड प्रथम होतो, तेथे लक्ष केंद्रित केले जाते. दोन्ही टोकांच्या जोडण्या, भार उचलण्याच्या क्षणी कप्पीवर असणारा भाग, ड्रमवर एक थर संपून दुसरा सुरू होतो तेथील वळसे, समतोल राखणाऱ्या स्थिर कप्पीवरचा भाग आणि उष्णतेजवळून जाणारा भाग या त्या प्रमुख जागा होत.

दोर स्वच्छ करून, भार काढून आणि चांगल्या उजेडात पाहावा. चालत्या दोरावरून हात फिरवू नये. दोर थांबवून जाड हातमोजे घालावेत आणि फडके फिरवावे. तुटलेल्या तारेचे टोक बाहेर आले असेल तर फडके तेथे अडकते. मात्र खाचेतील तुटक तारा अशा रीतीने सापडत नाहीत, त्यासाठी दोर किंचित वाकवून डोळ्यांनीच पाहावे लागते.

दोराबरोबर कप्पीही तपासावी. कप्पीची खाच झिजून अरुंद झाली असेल तर ती नव्या दोराला दोन्ही बाजूंनी चिमटते. खाच फार रुंद असेल तर दोर चपटा होतो. खाचेत जुन्या दोराच्या पेडांचे ठसे उमटले असतील तर नव्या दोराच्या तारा त्यावर कुरतडल्या जातात. फिरत नसलेली कप्पी तर करवतीसारखे काम करते.

एकाच जागी अनेक दोष असतील तर त्यांची बेरीज केली जाते. समजा, तुटक तारा त्यांच्या मर्यादेच्या ५० टक्के, व्यासातील घट तिच्या मर्यादेच्या ३० टक्के आणि गंज २० टक्के आहे. एकेकट्या दोषाने दोर बाद होत नाही. परंतु एकत्रित हिशेब १०० टक्के होतो आणि दोर काढण्याची वेळ आलेली असते.

कायदा काय सांगतो

भारतात गोदी कामगारांच्या सुरक्षिततेसाठी १९३४ साली कायदा झाला आणि त्याखाली १९४८ चे विनियम आले. पुढे १९८६ चा गोदी कामगार (सुरक्षा, आरोग्य व कल्याण) कायदा आणि १९९० चे विनियम यांनी त्यांची जागा घेतली. या विनियमांनी घालून दिलेला निकष सोपा आहे. दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक तारांची संख्या एकूण तारांच्या १० टक्क्यांहून अधिक झाल्यास तो दोर वापरता येत नाही. ११४ तारांच्या २० मिलिमीटर दोरात १६० मिलिमीटर लांबीत १२ तुटक तारा आढळल्यास ही मर्यादा ओलांडली जाते. अतिझीज, गंज किंवा अन्य दोष दिसल्यासही दोर बाद ठरतो.

याच विनियमांनुसार दोराची तपासणी किमान तीन महिन्यांतून एकदा व्हावी लागते. एक जरी तार तुटली तरी त्यानंतर ती दर महिन्याला करावी लागते. कारखान्यांतील दोर आणि साखळ्यांसाठी १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी बंधनकारक केली होती. हे दोन्ही कायदे आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाले असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

कायद्याने दिलेली मर्यादा ही अखेरची मर्यादा असते. आधुनिक क्रेनसाठीची मानके अनेकदा तिच्याहून कडक असतात. दोन आकडे वेगळे असल्यास कडक आकडा पाळणे योग्य ठरते. या विषयातील मार्गदर्शन आणि प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारच्या कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महानिदेशालयाचे मुख्यालय मुंबईत शीव येथे असून कोलकात्यात त्याची प्रादेशिक श्रम संस्था आहे.

नोंदवहीचे महत्त्व

एका दिवशीची तपासणी दोराची त्या दिवशीची स्थिती सांगते. तो किती वेगाने खराब होत आहे, हे मागील नोंदींवरूनच कळते. पहिली तार तुटायला आठ महिने लागले आणि पुढच्या पाच तारा तीन आठवड्यांत तुटल्या, तर मर्यादा गाठली नसली तरी दोराचा शेवट जवळ आला आहे, असे समजावे. म्हणून दोर बसविल्याची तारीख, रचना, संदर्भ व्यास, प्रत्येक तपासणीतील तुटक तारांची संख्या आणि त्यांची जागा यांची नोंद ठेवणे आवश्यक आहे.

जहाज धक्क्यावर थांबलेले असताना दोर बदलण्यासाठी काम बंद ठेवणे खर्चिक असते. त्यामुळे 'ही पाळी होऊ द्या, मग पाहू' असा आग्रह धरला जातो. तपासणाऱ्या व्यक्तीला काम थांबविण्याचा अधिकार स्पष्टपणे दिलेला असेल, तरच नोंदवहीतील आकड्यांना अर्थ राहतो. भाराखाली कोणीही उभे राहू नये, हा नियम दोर नवा असतानाही पाळावयाचा असतो.

काढून टाकलेला दोर कोपऱ्यात ठेवल्यास तो पुन्हा कोठेतरी बांधण्यासाठी किंवा सिलिंग करण्यासाठी वापरला जातो. असे होऊ नये म्हणून बाद दोराचे त्याच दिवशी लहान तुकडे करून ते भंगारात द्यावेत आणि तशी नोंद करूनच त्या दोराचे पान बंद करावे.